तळ्याकाठी दीपगृह : वाचक विचारतात

गेल्या अंकात ईरी सरोवराकाठच्या मार्बलहेड दीपगृहाचं छायाचित्र छापलं होतं. सोबत चार ओळींची टीप होती : अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं, १८२२ साली पेटलेलं आणि आजही चालू असलेलं. एवढ्यावर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत. काहींनी नाव छापू नका असं कळवलं, म्हणून सगळ्यांचीच नावं गाळली आहेत, गावं तेवढी ठेवली आहेत.

पैठण : दीपगृह समुद्राला असतं हे ठाऊक आहे. तळ्याला कशाला? आणि तळ्याला लागत असेल तर आमच्या नाथसागराला का नाही? भरल्यावर पलीकडचा काठ दिसत नाही.

तळं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं गावतळं येतं, फार तर धरण. घोटाळा तिथंच होतो. ईरी सरोवर सुमारे २५,७०० चौरस किलोमीटरचं आहे. छत्रपती संभाजीनगर, बीड आणि हिंगोली हे तीन जिल्हे एकत्र केले तर जवळपास तेवढे भरतात. अमेरिका आणि कॅनडा यांच्यामधल्या पाच महासरोवरांच्या त्याच साखळीतलं सुपीरियर सरोवर ८२,१०० चौरस किलोमीटरचं. अख्खा मराठवाडा चौसष्ट हजारांच्या आसपास, म्हणजे आठही जिल्हे त्यात बुडवून वर जागा उरेल. या पाण्यावरून लोहखनिज, कोळसा, धान्य वाहणारी मोठी जहाजं रात्रंदिवस चालतात. त्यांना किनारा, खडक आणि बंदराचं तोंड अंधारात कळायला हवं.

गोडं पाणी म्हणजे शांत पाणी असंही नाही. ईरीची सरासरी खोली अवघी १९ मीटर. अशा उथळ पाण्यावर वारा सुटला की लाटा झटकन उठतात आणि त्या आखूड, उभ्या असतात. एकीतून जहाज सावरतं न सावरतं तोच दुसरी आदळते. सुपीरियर खोल आहे, पण तिथं २८ नोव्हेंबर १९०५ च्या वादळात २९ जहाजांचं नुकसान झालं. त्याच्या उत्तर किनाऱ्यावरच्या खडकात लोह असल्यानं होकायंत्राची सुईही भरकटायची. त्या वादळानंतर सरकारनं पैसे मंजूर केले आणि १९१० साली स्प्लिट रॉक दीपगृह पेटलं. पुढच्या उत्तरांत त्याचा उल्लेख बऱ्याचदा येईल, कारण त्याची यंत्रणा अजून जागेवर आणि चालती आहे.

आता नाथसागर. लांबी सुमारे ५५ किलोमीटर, रुंदी जास्तीत जास्त २७. आकार लहान म्हणता येणार नाही, पण रात्रीची मालवाहतूक नाही. ती नसेल तर दिवा कुणासाठी लावायचा? दुसरी अडचण काठाची. धरण भरलं म्हणजे पातळी १५२२ फूट. उन्हाळ्यात पाणी मागं सरकतं आणि जिथं चप्पू (मासेमारांची छोटी होडी) लागायचा तिथं गाळपेऱ्याचं पीक उभं राहतं. दीपगृह जागचं हलत नाही, काठ मात्र हलतो. नैसर्गिक सरोवरातही हे होतं. टोरांटोचं जिब्राल्टर पॉइंट दीपगृह १८०८ मध्ये ओंटारियो सरोवराच्या पाण्यापासून २५ फुटांवर बांधलं. वाळू साचत गेली आणि आज पाणी त्याच्यापासून सुमारे १०० मीटर लांब आहे. नाथसागराला कधी खुणा लागल्याच, तर पाण्याबरोबर वरखाली होणारे, नांगरलेले तरंगते दिवे बरे पडतील.

पहाटे अंधारात जाळी काढायला चप्पू घेऊन जाणाऱ्यांसाठी एक सूचना. समुद्रावर सात मीटरहून लहान, संथ यांत्रिक होडीला निदान चारही बाजूंनी दिसणारा एक पांढरा दिवा लावावा लागतो आणि वल्ह्याच्या होडीत बॅटरी हाताशी ठेवावी लागते. थर्माकोलच्या चप्पूवर हाच नियम स्वतःहून पाळावा. दिवा काठीवर, डोक्याच्या वर बांधा. मांडीजवळ ठेवलेला दिवा आपल्याच अंगाआड जातो, शिवाय आपलेच डोळे दिपतात.

लातूर : मी गवंडीकाम करतो. दोनशे वर्षं टिकलेला मनोरा बांधला कसा? पाया, भिंत, चुना, सगळं सांगा.

मार्बलहेडसाठी १८१९ साली अमेरिकी काँग्रेसनं ५,००० डॉलर बाजूला काढले. विल्यम केली या ठेकेदारानं तिथल्याच चुनखडीच्या दगडात ५० फुटांचा गोल मनोरा उभा केला. पायथ्याला बाहेरचा व्यास २५ फूट आणि भिंत ५ फूट जाड. माथ्याला व्यास १२ फूट, भिंत २ फूट. म्हणजे आतली पोकळी खाली १५ फूट आणि वर ८ फूट.

यातून ढाळ काढता येतो. ५० फुटांच्या उंचीत भिंत एका बाजूनं साडेसहा फूट आत आली आहे, म्हणजे फुटाला दीड इंचाहून जरा जास्त. असा ढाळ नुसत्या ओळंब्यानं राखता येत नाही, कारण ओळंबा सरळ लोंबणार आणि भिंत तिरकी जाणार. त्यासाठी साच्याची फळी करावी लागते. चार फूट लांबीची फळी घ्या. एक कड सरळ ठेवा आणि दुसरी अशी तासा की वरचं टोक खालच्यापेक्षा सव्वासहा इंच रुंद राहील. तासलेली कड भिंतीला टेकवायची आणि सरळ कडेवर ओळंबा सोडायचा. दोरी कडेला समांतर आली की ढाळ बरोबर. गोल मनोऱ्यात ही फळी दर थराला निदान आठ ठिकाणी लावावी. एकाच बाजूनं तपासत गेलं की मनोरा नकळत लंबगोल होतो, आणि ते वर दिव्याची खोली बसवताना कळतं.

जड पायथा आणि हलका माथा यामुळं सगळं वजन खाली राहतं. गोल आकारावर वारा आदळून थांबत नाही, वळसा घालून जातो. १९०० च्या आसपास हाच मनोरा आणखी १५ फूट वाढवला. खालच्या पाच फुटी भिंतीमुळंच ते जमलं.

तिथं दगडाचा खरा शत्रू गोठणारं पाणी. सांध्यात शिरलेलं पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि सांधा उकलतं. आपल्याकडं बर्फ नाही, पण लोणा आहे. जुन्या वाड्याच्या, गढीच्या, दीपमाळेच्या भिंतीतली ओल बाहेर येते, सोबत क्षार आणते, आणि ते पृष्ठभागाखाली स्फटिक होऊन दगडाची साल काढतात. अशा भिंतीवर सिमेंटचा गिलावा मारणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. पहिली दोन वर्षं भिंत देखणी दिसते. मग ओलीला बाहेर पडायला वाट उरत नाही, आणि गिलावा पडतो तो दगडाचं तोंड घेऊनच.

दुरुस्ती चुन्यातच करा. चुनकळी पाण्यात सोडा, चुनकळीवर पाणी ओतू नका. ती उसळते आणि डोळे जातात. चष्मा लावूनच काम करा. विझवलेला चुना पाण्याखाली निदान तीन आठवडे मुरू द्या, जास्त मुरला तर उत्तमच. नंतर मापानं एक भाग चुना आणि तीन भाग चाळलेली, धुतलेली वाळू. ओलीची जागा असेल तर दीड भाग वाळू, दीड भाग पक्क्या विटेची सुरखी. थर अर्ध्या इंचाहून जाड नको. आपल्या भागात काम फसतं ते बहुतेक वेळा उन्हानं. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन कडक होतो आणि त्यासाठी त्याला काही दिवस दमट राहावं लागतं. एप्रिल-मेमध्ये तो आधी वाळतो, कडक होतच नाही, बोटानं खरवडला तर पिठासारखा पडतो. पावसाळा सरल्यावर काम धरा आणि ओलं गोणपाट आठ-दहा दिवस लावून ठेवा.

जालना : घरात आजोबांची गॅसबत्ती आहे. दीपगृहातला दिवा तसलाच असायचा का?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, हो, तत्त्व तेच. पण त्याआधी बरंच काही जळून गेलं.

मार्बलहेडला १८२२ मध्ये तेरा दिवे होते आणि प्रत्येकामागं १६ इंच व्यासाचा धातूचा परावर्तक. हे दिवे आर्गांड पद्धतीचे. वात नळीसारखी गोल आणि पोकळ, हवा आतूनही येते आणि बाहेरूनही, वर काचेची चिमणी. साध्या चिमणीच्या दिव्यापेक्षा ज्योत किती तरी उजळ आणि धूर कमी. जळायचं देवमाशाचं तेल. तोटा एवढाच की तेरा वाती कापायच्या, तेरा काचा पुसायच्या आणि तेरा परावर्तक घासायचे. परावर्तकाला चांदीचा पातळ मुलामा असायचा. काजळी काढायला घासलं की चांदीही निघायची, आणि चांदी गेली की मागं उरायचा तो ताटासारखा मंद पत्रा. १८५८ मध्ये हे तेरा दिवे काढून एकच दिवा ठेवला आणि त्याच्याभोवती फ्रेनेल भिंग बसवलं. ते काय, हे पुढच्या उत्तरात.

स्प्लिट रॉकला १९१० मध्ये लागला तो रॉकेलच्या वाफेचा दिवा. टाकीत दाबाखाली रॉकेल, तापलेल्या नळीत त्याची वाफ, बारीक छिद्रातून ती हवेत मिसळते आणि मँटल नावाच्या जाळीदार पिशवीखाली जळते. ज्योत स्वतः निळसर आणि फिकी असते. उजेड देतं ते तापून पांढरं झालेलं मँटल. तुमच्या गॅसबत्तीत हेच घडतं.

बत्ती पेटवून बघायची असेल तर खोलीबाहेर, मोकळ्यावर पेटवा. टाकी तीन-चतुर्थांशाहून जास्त भरू नका, वर हवेला जागा हवी. स्पिरिटनं नळी पूर्ण तापेपर्यंत रॉकेल सोडू नका. घाई केली की वाफेऐवजी द्रव येतो, पिवळा भडका उडतो आणि मँटल काळं पडतं. उजेड फडफडत असेल तर छिद्रात कचरा आहे, पिन फिरवून साफ करा. पंप मारूनही दाब राहत नसेल तर पंपाचा चामडी वायसर वाळलेला असतो. तो काढून तेलात मुरवा. मँटलला भोक पडलं असेल तर बत्ती लगेच विझवा, कारण भोकातून निघणारी झोत काचेवर एकाच जागी लागते आणि काच तडकते. जुन्या मँटलमध्ये ९९ टक्के थोरियम ऑक्साइड असायचं. ते किंचित किरणोत्सारी आहे. फुटलेल्या मँटलची राख फुंकरीनं उडवू नका, ओल्या फडक्यानं टिपा आणि हात धुवा.

स्प्लिट रॉकची वाफेची बत्ती १९४० पर्यंत चालली, मग हजार वॉटचा विजेचा दिवा आला. मार्बलहेडला वीज १९२३ मध्येच पोचली होती.

परभणी : मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. एका दिव्याचा उजेड तीस-पस्तीस किलोमीटरवर कसा पोचतो? मुलांना दाखवता येईल का?

दिव्याचा उजेड सगळीकडं सांडतो, आकाशात, जमिनीवर, मागं. नाविकाला हवा तो क्षितिजाकडचा पातळ पट्टा. सांडणारा उजेड गोळा करून त्या पट्ट्यात आणणं, एवढाच प्रश्न. साधं बहिर्गोल भिंग हे करतं, पण माणसाएवढ्या उंचीचं करायचं तर मध्ये काच इतकी जाड होते की वजन पेलत नाही आणि उजेडही काच पिते. फ्रान्सच्या ओग्युस्तँ फ्रेनेल यांनी ओळखलं की प्रकाश वळतो तो काचेच्या पृष्ठभागावर, मधली जाडी फुकटची. ती काढून टाकून त्यांनी पृष्ठभागाचे कंगोरे तेवढे कड्यांमध्ये मांडले. मध्ये गोल भिंग, भोवती प्रकाश वळवणारी कडी, आणि अगदी वर-खाली उजेड आतल्या आत परावर्तित करणारे लोलक. १८२३ मध्ये फ्रान्समधल्या कोर्दुआन दीपगृहावर फ्रेनेल भिंग पहिल्यांदा लागलं.

भिंगांच्या आकाराला श्रेणी म्हणतात. ज्योतीपासून भिंगापर्यंतचं अंतर पहिल्या श्रेणीत ९२० मिलिमीटर, तिसऱ्या श्रेणीत ५००, चौथ्या श्रेणीत २५०. सरोवरांवर बहुधा तिसरी आणि त्याखालच्या श्रेणी पुरत. स्प्लिट रॉकचं भिंग तिसऱ्या श्रेणीचं, पॅरिसहून आणलेलं.

यात सगळं काही ज्योत नेमक्या जागी असण्यावर आहे. ५०० मिलिमीटरच्या भिंगात ज्योत नुसती एक सेंटिमीटर वर सरकली तर झोत पन्नासात एक या उतारानं खाली झुकतो. स्प्लिट रॉकचा दिवा पाण्यापासून सुमारे ५१ मीटर उंच, म्हणजे झोताचा मध्य अडीच किलोमीटरवरच पाण्यात घुसतो. वीस किलोमीटरवरच्या कप्तानाला दिवा मंदावलेला दिसतो आणि मनोऱ्यातल्या माणसाला वाटतं, ज्योत तर छान जळते आहे! ज्योतीची उंची रात्रभर मोजत राहायचं कारण हे.

वर्गात असं करा. वाचनासाठी मिळतं ते पानाएवढं चपटं प्लास्टिकचं भिंग आणा. त्यावर बोटानं जाणवतात त्या चऱ्या म्हणजे फ्रेनेलची कडी. समोरच्या भिंतीवर कागद लावा आणि खिडकीसमोर भिंग धरून मागंपुढं करा. खिडकीबाहेरच्या झाडाचं उलटं चित्र कागदावर ठसठशीत आलं की भिंग ते कागद हे अंतर मोजा. तेच नाभीय अंतर. आता अंधार करा आणि त्याच अंतरावर एकच उघडा एलईडी ठेवा. स्वतःची वाटी किंवा भिंग असलेली बॅटरी नको. चऱ्यांची बाजू दिव्याच्या उलट दिशेला हवी. उलटं धरलं तर झोत विस्कटतो. दहा मीटरवरच्या भिंतीवर उजेडाचा ठिपका येईल. समजा नाभीय अंतर ३० सेंटिमीटर निघालं, तर एलईडी एक सेंटिमीटर वर उचलताच ठिपका सुमारे ३३ सेंटिमीटर खाली उतरेल. आधी गणित करून घ्या आणि मग मोजायला लावा.

प्रयोग झाल्यावर भिंग कपाटात, कापडात गुंडाळून ठेवा. उन्हात टेबलावर राहिलं तर मागचा कागद पेटतो.

उदगीर : वीज नव्हती तेव्हा भिंग फिरायचं कसं? आणि मुळात फिरवायचं कशाला?

फिरवायचं ओळखीसाठी. किनाऱ्यावर दिवे अनेक असतात, प्रत्येकाची लुकलुक वेगळी हवी. स्प्लिट रॉकची खूण दर दहा सेकंदांनी एक झोत. भिंग शिंपल्याच्या दोन झापांसारखं समोरासमोर, म्हणजे पूर्ण फेरा वीस सेकंदांचा. मार्बलहेडचा दिवा आज हिरवा आहे आणि दर सहा सेकंदांनी लुकलुकतो, ११ सागरी मैलांवरून दिसतो. हिरवा अशासाठी की काठावरच्या पांढऱ्या दिव्यांत हरवू नये.

फिरवायचं यंत्र म्हणजे वजनावर चालणारं जुनं घड्याळ, फक्त राक्षसी. मनोऱ्याच्या मधोमध वजन टांगलेलं असतं, त्याची तार पिंपावर गुंडाळलेली. वजन खाली उतरताना पिंप फिरतं आणि दातेरी चाकांतून भिंग फिरतं. वेग एकसारखा राहावा म्हणून पंख्याचा नियंत्रक. वजन तळाला पोचायच्या आत रहाटासारखी मूठ फिरवून ते वर आणायचं, स्प्लिट रॉकला साधारण दर दोन तासांनी, मार्बलहेडला दर तीन तासांनी, रात्रभर.

काही टनांचं भिंग एवढ्याशा ओढीवर फिरतं, कारण ते पाऱ्यावर तरंगतं. पाऱ्याची घनता १३.६. समजा भिंग आणि चौकट दोन टन असेल, तर तरंगायला सुमारे १४७ लिटर पारा बाजूला सारला जायला हवा. तेवढा पारा ओतावा मात्र लागत नाही. कड्यासारखं भांडं आणि त्यात जेमतेम मावणारं कड्यासारखं तरंगतं बूड, मधली फट बारीक. त्या फटीत मावेल एवढा पारा पुरतो. मग बोटानं ढकललं तरी भिंग हलतं.

बिघडायचं काय? थंडीत वंगण घट्ट होऊन वेग मंदावायचा. दहाच्या जागी बारा सेकंद झाले तर कप्तान नकाशा उघडून तो दुसराच दिवा समजेल, म्हणून घड्याळ लावून झोत मोजायचे. पाऱ्यावर धूळ आणि मळीची साय धरली की भिंग अडखळायचं. मग पारा काढून मऊ चामड्यातून गाळायचा. हे काम बंद खोलीत, उघड्या हातांनी चालायचं. पाऱ्याची वाफ मेंदू आणि मूत्रपिंडाला घातक असते हे लक्षात घेतलं तर आज त्याचं काही कौतुक वाटत नाही. घरात जुना थर्मामीटर फुटला तर तो पारा केरसुणीनं झाडू नका, व्हॅक्यूमही लावू नका. खिडक्या उघडा, मुलांना बाहेर काढा, दोन जाड कागदांनी थेंब एकत्र करून झाकणाच्या बाटलीत भरा.

बीड : दीपमाळ आणि दौलताबादचा चांदमिनार हीसुद्धा दीपगृहंच ना?

नाही. दीपमाळ त्रिपुरी पौर्णिमेला, जत्रेला देवासाठी उजळते. तिचा उजेड बघायचा असतो, त्यावरून वाट काढायची नसते. तिच्यावर भिंग नाही, रोज रात्री पेटायची सक्ती नाही. चांदमिनार पंधराव्या शतकातला, बहमनी काळातला, दोनशे फुटांच्या घरातला मनोरा. तो विजयाची खूण आणि मशिदीशी जोडलेला. उंच आणि गोल असलं की दीपगृह होत नाही.

नांदेड : दिवा किती लांबून दिसेल हे आधी काढता येतं का?

येतं, आणि सोपं आहे. दिव्याची पाण्यापासूनची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, ३.८६ नं गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये. बघणाऱ्याच्या डोळ्याच्या उंचीचंही तसंच करा आणि दोन्ही मिळवा. पृथ्वीचा गोलावा आणि हवेत प्रकाशाला येणारा बाक, दोन्ही त्या ३.८६ मध्ये आले.

स्प्लिट रॉकचा दिवा ५१ मीटरवर. वर्गमूळ ७.१४, गुणून २७.६. जहाजावरचा माणूस पाण्यापासून ५ मीटरवर उभा असेल तर त्याचे ८.६. एकूण ३६ किलोमीटर. अधिकृत पल्ला २२ मैल, म्हणजे ३५ किलोमीटर, असाच होता. आता पैठणच्या वाचकांसाठी : काठावर ९ मीटर उंच खांबावर दिवा लावला तर त्याचे ११.६, चप्पूत बसलेल्याचा डोळा पाण्यापासून १ मीटरवर धरला तर त्याचे ३.९. साडेपंधरा किलोमीटर. यात दिवा पुरेसा तेजस्वी आणि हवा स्वच्छ धरली आहे. धुक्यात हे गणित निकामी, म्हणून दीपगृहाजवळ भोंगाही असायचा. स्प्लिट रॉकला तो इंजिनावर चालणाऱ्या कॉम्प्रेसरच्या हवेनं वाजे.

हिंगोली : तिथं माणसं राहायची कशी? बायकांनाही ही नोकरी होती का? आणि चित्रात दिव्याच्या खोलीला पडदे दिसतात, ते कशाला?

मार्बलहेडचे पहिले दीपपाल बेनायाह वुलकॉट. १८३२ मध्ये ते वारले आणि काम त्यांच्या पत्नी रेचल यांनी हाती घेतलं. त्या सरोवर साखळीवरच्या पहिल्या महिला दीपपाल. मार्बलहेडला एकूण पंधरा दीपपाल झाले, त्यांत दोन स्त्रिया. १९५८ मध्ये दिवा स्वयंचलित झाला आणि हे पद संपलं. आता मनोरा राज्याच्या उद्यानात आहे आणि जुनं फ्रेनेल भिंग तिथल्याच संग्रहालयात ठेवलं आहे.

स्प्लिट रॉकला तर सुरुवातीला रस्ताच नव्हता. विटा, सिमेंट, भिंग सगळं बोटीनं आलं आणि वाफेच्या यारीनं १३० फुटी कड्यावर चढवलं. रस्ता १९२४ मध्ये झाला. हिवाळ्यात सरोवर गोठायला लागलं की जहाजं बंद आणि दिवाही बंद, तो वसंतात पुन्हा. १९६९ मध्ये तो सेवेतून निवृत्त झाला. आता वर्षातून एकदा, १० नोव्हेंबरला संध्याकाळी पेटतो, १९७५ साली त्याच तारखेला सुपीरियरमध्ये बुडालेल्या एडमंड फिट्झजेराल्ड जहाजावरच्या २९ जणांसाठी.

पडद्यांचं उत्तर परभणीच्या प्रयोगातच आहे. भिंग आतला उजेड बाहेर समांतर पाठवतं, तसं बाहेरचं ऊन आत ज्योतीच्या जागी गोळा करतं. दिवसा पडदा उघडा राहिला तर बर्नर तापतो, सांध्यांचं झाळकाम वितळतं, रॉकेल असेल तर आग लागते. म्हणून उजाडल्यावर दिवा विझवला की दीपपाल आधी पडदे ओढायचा. मग कापडी अंगरखा चढवून पुसायला बसायचा, सदऱ्याच्या गुंड्यांनी भिंगाला चरा पडू नये म्हणून.